लातूरने नाकारले, दिल्लीने गृहखाते दिले: शिवराज पाटील चाकूरकर यांचे प्रकरण

१३ मे २००४ रोजी लोकसभेचे निकाल लागले आणि लातुरात सलग सात वेळा निवडून आलेले शिवराज पाटील चाकूरकर पडले. भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी त्यांना सुमारे तीस हजार मतांनी हरवले. त्यानंतर नऊच दिवसांनी, २२ मे रोजी, चाकूरकरांनी मनमोहन सिंग यांच्या मंत्रिमंडळात शपथ घेतली आणि देशाचे गृहखाते त्यांच्याकडे आले. जुलैत ते राज्यसभेवर गेले. साडेचार वर्षांनी, ३० नोव्हेंबर २००८ रोजी, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर त्यांना ते खाते सोडावे लागले.

मराठवाड्यात या घटनाक्रमाची दोन स्पष्टीकरणे ऐकायला मिळतात. पहिले असे की गांधी घराण्याची मर्जी होती म्हणून पडलेल्या माणसाला मंत्रिपद मिळाले, आणि मर्जी आटली तेव्हा ते गेले. दुसरे असे की माणूस सज्जन होता, राजकारणाला नको इतका सभ्य होता. पहिल्यात तथ्य आहे, पण मर्जीतली माणसे काँग्रेसमध्ये शेकड्याने होती. त्यातल्या कितींना चाकूरकरांसारखे लोकसभेचे अध्यक्षपद नीट सांभाळता आले असते? दुसरे ऐकायला गोड आहे आणि त्यातून काहीच कळत नाही.

माझे म्हणणे वेगळे आहे. चाकूरकरांचे शिक्षण वकिलाचे होते आणि स्वभाव न्यायाधीशाचा होता. वकील अशिलाची बाजू घेतो, समोरच्याला अंगावर घेतो, हरणारा दावासुद्धा शेवटच्या तारखेपर्यंत रेटतो. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो, आवाज चढवत नाही, आणि आपल्या अधिकारकक्षेत काय येते व काय येत नाही हे आधी तपासतो. लोकसभेच्या आसनावर हा स्वभाव सोन्यासारखा चालला. मतदारसंघात त्याने चोवीस वर्षे निभावले आणि मग दगा दिला. गृहखात्यात तो जवळजवळ पहिल्या दिवसापासून अडचणीचा ठरला.

चाकूर, हैदराबाद, मुंबई

जन्म १२ ऑक्टोबर १९३५, चाकूरचा. तेव्हा तो मुलूख निजामाच्या राज्यात होता, दरबारी आणि कचेरीची भाषा उर्दू होती, आणि लातूर नावाचा जिल्हा अस्तित्वात यायला १९८२ उजाडायचे होते. विज्ञानाची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातून, कायद्याचे शिक्षण मुंबई विद्यापीठात. या पिढीतल्या मराठवाड्यातल्या शिकलेल्या मुलांचा हा नेहमीचा रस्ता. निजामाचे राज्य भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ नंतर, इथल्या गावांना नव्या राज्याची भाषा, नवे कायदे, नवे महसुली नियम समजावून सांगणारा माणूस लागत होता, आणि तो बहुधा तालुक्याचा वकील असे. नांदेडचे शंकरराव चव्हाणही वकिलीतूनच राजकारणात आले. देशभर हेच चित्र होते: पहिल्या लोकसभेत साधारण ३६ टक्के सदस्य वकील होते. २०१९ च्या लोकसभेत हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास आले.

१९६७ मध्ये चाकूरकर लातूरचे नगराध्यक्ष झाले. १९७३ मध्ये आमदार. पुढे उपमंत्री, विधानसभेचे उपाध्यक्ष, आणि १९७८ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष. त्याच वर्षी जुलैत शरद पवारांनी वसंतदादा पाटलांचे सरकार पाडले. आपल्याच पक्षातले नेते एकमेकांचे सरकार पाडत असताना आसनावरच्या माणसाने कसे बसावे, याचा धडा त्यांना दिल्लीला जाण्याआधीच मिळाला.

१९८० ला ते लोकसभेत गेले. लातूरची जागा १९७१ पर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होती. ती खुली झाल्यावर १९७७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील तिथून निवडून आले होते. इंदिरा गांधी आणि राजीव गांधी यांच्या सरकारांत चाकूरकरांनी संरक्षण, वाणिज्य, विज्ञान-तंत्रज्ञान, नागरी विमान वाहतूक अशी खाती राज्यमंत्री म्हणून सांभाळली. त्या काळाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. कामे झाली, बोभाटा झाला नाही. १९९० मध्ये, काँग्रेस विरोधात असताना, ते लोकसभेचे उपाध्यक्ष झाले आणि १० जुलै १९९१ रोजी अध्यक्ष.

१९९३

हे प्रकरण समजून घ्यायचे तर एकाच वर्षावर थांबावे लागते. नरसिंह रावांचे सरकार अल्पमतातले. बाबरी मशीद पडून जेमतेम काही आठवडे झालेले. गृहखात्यात शंकरराव चव्हाण, लोकसभेच्या आसनावर चाकूरकर: नांदेड आणि लातूर, दोन शेजारी जिल्ह्यांतले दोन वकील. मराठवाड्याला दिल्लीत इतके वजन त्याआधी नव्हते आणि नंतरही आलेले नाही.

त्या वर्षीच्या वसंतात संसदेत विभागवार स्थायी समित्या सुरू झाल्या. एकूण सतरा, प्रत्येकीत लोकसभेचे तीस आणि राज्यसभेचे पंधरा सदस्य, आणि मंत्र्याला समितीवर बसायला बंदी. याआधी १९८९ पासून शेती, विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरण अशा तीनच विषयांच्या समित्या होत्या. अडचण साधी होती. अर्थसंकल्पात प्रत्येक खात्याच्या अनुदानाच्या मागण्या सभागृहापुढे येतात, पण चर्चा दोन-चार खात्यांचीच होते. वेळ संपला की बाकीच्या हजारो कोटींच्या मागण्या गिलोटीन लावून एका दमात मंजूर होतात. नव्या रचनेत अर्थसंकल्पी अधिवेशन मध्ये काही आठवडे थांबते, समित्या खात्याच्या सचिवांना समोर बसवून आकडे तपासतात, अहवाल देतात, मग सभागृह पुन्हा भरते. समितीचे दार बंद असते, कॅमेरा नसतो, म्हणून तिथे सत्ताधारी खासदारही आपल्या सरकारला अवघड प्रश्न विचारू शकतो. शिफारस मात्र सरकारवर बंधनकारक नाही.

या रचनेवर वकिलाचा हात दिसतो. साक्षीपुरावा, उलटतपासणी, लेखी अहवाल, आणि निर्णयाचा अधिकार शेवटी ज्याचा त्याच्याकडे. २००४ मध्ये समित्या चोवीस झाल्या. पंधराव्या लोकसभेत सुमारे सत्तर टक्के विधेयके समित्यांकडे गेली, सोळाव्या लोकसभेत साधारण चौथा हिस्सा. ज्यांना संसद नुसती गोंधळाची जागा वाटते त्यांनी हा उतार बघावा. समिती मोडीत काढायला कायदा बदलावा लागत नाही, विधेयक तिच्याकडे न पाठवले की पुरते.

मग मे महिना. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा ठराव १० आणि ११ मे रोजी लोकसभेपुढे आला. न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने चौदापैकी अकरा आरोप सिद्ध धरले होते. ठराव मांडला सोमनाथ चॅटर्जींनी, ते स्वतः बॅरिस्टर. न्यायमूर्तींच्या बाजूने कपिल सिब्बल सभागृहाच्या कठड्याशी उभे राहून तासन् तास युक्तिवाद करत होते. लोकसभेचे दोन दिवसांपुरते न्यायालय झाले होते आणि पीठावर चाकूरकर होते. असे काम आधी कुणी केलेले नव्हते, त्यामुळे पायंडा बघून चालायची सोय नव्हती. कामकाज सुरळीत झाले, दोन्ही बाजूंना पुरता वेळ मिळाला. ठराव मात्र पडला: बाजूने १९६ मते, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ. तटस्थ राहिलेले काँग्रेसचे आणि तिच्या मित्रपक्षांचे. विशेष बहुमत न मिळाल्याने सिद्ध झालेल्या आरोपांनंतरही न्यायमूर्ती पदावर राहिले.

या निकालाचा दोष आसनाला लावता येत नाही. तरी चाकूरकरांच्या सगळ्या कारकिर्दीची खूण मला इथे दिसते. प्रक्रिया निर्दोष, आणि प्रक्रियेतून जे बाहेर पडले ते असमाधानकारक.

२८ जुलैला अविश्वास ठराव आला. २५१ विरुद्ध २६५, सरकार चौदा मतांनी वाचले. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी पैसे घेऊन मते दिल्याचे प्रकरण नंतर उघड झाले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९९८ मध्ये न्यायालयाने त्या खासदारांना सभागृहातल्या मतदानासाठी संरक्षण दिले. तो निकाल फिरायला मार्च २०२४ यावा लागला. याच काळात जनता दलातून अजित सिंग यांचा गट फुटला होता आणि पक्षांतरबंदी कायद्याखालच्या तक्रारी अध्यक्षांपुढे होत्या. १९९२ मध्ये किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की अशा तक्रारी ऐकताना अध्यक्ष न्यायाधिकरण असतो आणि त्याचा निर्णय न्यायालय तपासू शकते. चाकूरकरांनी तक्रारी रीतसर सुनावणी घेऊन निकाली काढल्या. आज राज्याराज्यांतले अध्यक्ष अशा तक्रारींवर वर्षानुवर्षे बसून राहतात, म्हणून रीतसर सुनावणीसुद्धा नोंदवून ठेवावी लागते.

आणि ३० सप्टेंबर. विसर्जन आटोपून माणसे झोपलेली, पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीखालची जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे दगडमातीच्या भिंतींखाली गेली, आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मेली. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तिथे पोचले, आणि पुनर्वसनाचे श्रेय लोकांच्या मनात त्यांच्याच नावावर जमा आहे. लातूरचा खासदार लोकसभेचा अध्यक्ष होता. अध्यक्षाला सभागृहात सरकारला धारेवर धरता येत नाही, सरकारच्या वतीने शब्दही देता येत नाही. चाकूरकर कमी पडले असे मी म्हणणार नाही. पण आयुष्यातली सर्वात मोठी आपत्ती भोगलेल्या जिल्ह्याला त्या क्षणी आपली बाजू घेऊन भांडणारा माणूस हवा होता, आणि त्यांच्या खासदाराच्या पदाची पहिली अटच कुणाची बाजू न घेण्याची होती.

मतदारसंघ

१९९५ ला मराठवाड्यात काँग्रेस कोसळली. खुद्द लातूर शहरात विलासराव देशमुख विधानसभेला पडले. पुढच्याच वर्षीच्या लोकसभेत मराठवाड्यात युतीची लाट होती आणि तरी चाकूरकर निवडून आले. १९९८ आणि १९९९ लाही आले. लोकांना हा माणूस नको होता असे नाही. प्रचारात कुणाबद्दल वावगा शब्द न बोलणारा, शुद्ध मराठीत सावकाश बोलणारा, कपड्याची घडी न मोडणारा खासदार लातूरला मिरवायला आवडत होता.

पण लातूरचे राजकारण चालते कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती आणि शिक्षणसंस्था यांवर. विलासरावांमागे मांजरा कारखान्याचे जाळे होते. निलंग्यात शिवाजीराव पाटील निलंगेकरांचे घराणे होते, तेही मुख्यमंत्री होऊन गेलेले. चाकूरकरांच्या नावामागे असे जाळे उभे राहिले नाही. उसाचे बिल, पीककर्ज, मुलाची नोकरी, बदली यांसाठी माणूस ज्याच्या दारात जातो त्याचे निवडणुकीच्या दिवशी बूथवर पोरगे असते. चाकूरकरांचे बूथ पक्षातले दुसरे नेते सांभाळत, आणि ते सांभाळतील तोवरच सुरक्षित होते. नियमात बसत नाही ते काम सांगायला साहेबांकडे जाऊ नये, हे कार्यकर्त्यांना ठाऊक होते. न्यायाधीशाबद्दल ही तारीफ ठरते. खासदाराबद्दल कार्यकर्ता ही गोष्ट तक्रारीच्या सुरात सांगतो.

२००४ ला समोर निलंगेकरांची सून उभी राहिली. सासरे काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री आणि सून भाजपची उमेदवार. घर फुटले की मते कशी वाहतात याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. काही महिन्यांनी विधानसभेला तर रूपाताईंचे चिरंजीव संभाजी पाटील यांनी आजोबा शिवाजीरावांनाच निलंग्यात हरवले. तेव्हा चाकूरकरांच्या पराभवाचे एक कारण निलंग्याच्या वाड्यात आहे, एक काँग्रेसमधल्या गटबाजीत आहे, आणि एक चोवीस वर्षांच्या ओळखीच्या कंटाळ्यात आहे. यातल्या कोणत्याही एका कारणाला जाळे असलेला नेता पुरून उरला असता. तिन्ही एकत्र आली तेव्हा चाकूरकरांकडे सावरायला काहीच नव्हते.

गृहखाते

पडलेल्या उमेदवाराला गृहमंत्री करण्यात घटनेने काही गैर नाही. सहा महिन्यांत कोणत्याही सभागृहाचे सदस्य झाले की झाले. राजकीयदृष्ट्या मात्र मंत्र्याचा कणा तिथेच मऊ होतो. मागे मतदार नसलेला गृहमंत्री कॅबिनेटमध्ये कुणाशी भांडणार?

कामाच्या यादीत डावे-उजवे दोन्ही आहे. पोटा हा दहशतवादविरोधी कायदा रद्द करण्याचे आश्वासन आघाडीने दिले होते. ते २००४ मध्येच पाळले आणि त्यातली दहशतवादी संघटनांविषयीची कलमे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात हलवली. हे काम कसलेल्या वकिलाचे. मणिपुरात असंतोष पेटल्यावर सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्याचा फेरविचार करायला न्या. जीवन रेड्डी समिती नेमली. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्यांच्याच खात्याचा. त्सुनामी ताजी होती, आणि मंत्री किल्लारीच्या जिल्ह्यातला होता. या कायद्यासाठी चाकूरकरांचे नाव क्वचितच घेतले जाते. मला तो त्यांच्या गृहमंत्रिपदाचा सर्वात टिकाऊ भाग वाटतो.

जिथे वकिलाने चुकायला नको होते तिथे मात्र हे खाते चुकले. मे २००५ मध्ये राज्यपाल बुटासिंग यांच्या अहवालावरून बिहारची विधानसभा एकदाही न बसता विसर्जित झाली. मंत्रिमंडळाची बैठक रात्री झाली, राष्ट्रपती कलाम मॉस्कोत होते, सही तिथून आली. रामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते घटनाबाह्य ठरवले आणि मंत्रिमंडळाने राज्यपालांचा अहवाल पडताळून न पाहता वेदवाक्य मानल्याबद्दल सुनावले. रामस्वामी प्रकरणात दोन दिवस दोन्ही बाजू ऐकणाऱ्या माणसाच्या खात्याने एका रात्रीत एकच बाजू ऐकली होती. ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनीही पुरेशी पकडली नाही. ते कपड्यांवरच अडकले.

कपड्यांचे प्रकरण १३ सप्टेंबर २००८ चे. दिल्लीत बॉम्बस्फोट झाले आणि त्या संध्याकाळी गृहमंत्री वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या पोशाखात दिसल्याचे वाहिन्यांनी दाखवले. टीका उथळ होती, पण ती चिकटली, कारण तिच्याआधी चार वर्षांचा साठा होता: दिल्ली २००५, मुंबईच्या लोकल २००६, मालेगाव, हैदराबाद, जयपूर, अहमदाबाद. प्रत्येक वेळी त्यांची मांडणी साधारण एकच असे. पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था हा राज्यांचा विषय, केंद्र माहिती पुरवते, कारवाई राज्याने करायची. केंद्र आणि राज्यांचे विषय वाटून देणाऱ्या घटनेच्या सातव्या परिशिष्टाप्रमाणे हे बिनचूक. पण स्फोटात माणूस गमावलेल्या घराला अधिकारकक्षा ऐकायची नसते. अधिकारक्षेत्र नाही म्हणून दावा परत करणे न्यायालयाला शोभते, गृहमंत्र्याला नाही.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. चाकूरकरांनंतर आलेले पी. चिदंबरम हेही वकीलच, सर्वोच्च न्यायालयात नाव असलेले. त्याच राज्यघटनेत राहून त्यांनी डिसेंबर २००८ मध्ये, महिन्याच्या आत, राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा संसदेतून काढून घेतला. दिल्लीजवळच्या मानेसरहून निघालेल्या एनएसजीच्या, म्हणजे केंद्राच्या दहशतवादविरोधी दलाच्या, कमांडोंना मुंबईत पोचायला लागलेला वेळ सगळ्या देशाने पाहिला होता. पुढच्या वर्षी मुंबईसह चार शहरांत त्यांची केंद्रे झाली. तेव्हा दोष वकिलीला देता येत नाही. चिदंबरम यांनी घटनेत वाट शोधली. चाकूरकरांनी घटनेत हद्द बघितली. अर्थात १६६ मृत्यूंनंतर जे राजकीय बळ चिदंबरम यांना मिळाले ते २६ नोव्हेंबरच्या आधी कुणालाच मिळाले नसते, हेही सोडून देता येत नाही.

त्या हल्ल्याने लातूरची दोन माणसे पदावरून घालवली. ३० नोव्हेंबरला चाकूरकर गेले. ताजच्या पाहणीला चित्रपट दिग्दर्शकाला सोबत नेल्यावरून उठलेल्या वादानंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुख्यमंत्री विलासराव गेले.

नंतर

विलासराव काही महिन्यांत केंद्रात मंत्री झाले. चाकूरकरांना निवडणुकीचा रस्ता उरलाच नव्हता: मतदारसंघ पुनर्रचनेत लातूर २००९ पासून पुन्हा अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. ज्या जागेने त्यांना सात वेळा दिल्लीला पाठवले ती खुली होती फक्त १९७७ ते २००४. लातूरच्या राजकारणावर बोलणारे या योगायोगाकडे फारसे बघत नाहीत. माझ्या मते त्यांच्या परतीचा प्रश्न तिथेच निकाली निघाला.

जानेवारी २०१० ते जानेवारी २०१५ ते पंजाबचे राज्यपाल आणि चंदीगडचे प्रशासक होते, मध्ये काही काळ राजस्थानचाही कार्यभार होता. पुन्हा एकदा बाजू न घेण्याचे पद, आणि पुन्हा एकदा तक्रारीला जागा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका पुस्तक प्रकाशनात गीता आणि जिहाद यांविषयी केलेल्या विधानावरून वादळ उठले. आयुष्यभर तोलून बोललेल्या माणसाच्या नावावर आज इंटरनेटवर सर्वात आधी ते विधान आणि ते पोशाख येतात. स्थायी समित्यांचा उल्लेख शोधावा लागतो.

मार्च २०२४ मध्ये त्यांच्या सूनबाई अर्चना पाटील चाकूरकर भाजपमध्ये गेल्या. त्याच नोव्हेंबरात लातूर शहरातून त्या विलासरावांचे चिरंजीव अमित देशमुख यांच्याविरुद्ध लढल्या आणि सात हजारांच्या आसपास मतांनी हरल्या. स्वतः चाकूरकर शेवटपर्यंत काँग्रेसचेच राहिले. १२ डिसेंबर २०२५ रोजी लातुरात वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.